विज्ञानकथेची अभिजात पुस्तके पुन्हा कशी वाचावीत आणि जगभरातील विज्ञानकथा कोठून सुरू करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या वयात आपण ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स मराठी रूपांतरांतून वाचलेत. आता पन्नाशीत तीच पुस्तके स्वस्त इंग्रजी आवृत्त्यांतून पुन्हा हाती घेतली, तेव्हा ती बाळबोध आणि शिळी वाटली. इंग्लंड-अमेरिकेपलीकडची विज्ञानकथा वाचण्याची इच्छा आहे, पण कोणत्या देशापासून आरंभ करावा हे उमगत नाही. मी गेली सत्तावीस वर्षे विज्ञानकथांचे मराठी अनुवाद करत आले आहे आणि त्यातली बरीच वर्षे एक लहानसा वाचकगटही चालवते. या अनुभवावरून सांगते की आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: पुस्तक आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हे आधी तपासावे लागते.

प्रथम शिळेपणाच्या तक्रारीविषयी. कॅप्टन नेमो आणि त्याच्या पाणबुडीची कादंबरी, 'समुद्राखाली वीस हजार लीग', १८६९-७० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. १८७२ मध्ये लुईस मर्सियर या इंग्लिश पाद्र्याने तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो करताना मूळ मजकुराचा पाचव्या हिश्शाहून कमी नसलेला भाग गाळून टाकला. गाळला गेला तो बहुतेक विज्ञानाचा आणि राजकारणाचा भाग होता. जे उरले त्यातही चुका झाल्या. पाणबुड्याच्या पोशाखासाठी व्हर्नने वापरलेल्या शब्दाचे भाषांतर 'बुचाचे जाकीट' असे झाले, म्हणजे समुद्राच्या तळावर चालण्यासाठी निघालेली माणसे अंगात तरंगण्याचे साधन घालून उतरतात. नेमो आपल्या बोटीचे आकडे सांगतो त्या प्रकरणात व्हर्नने पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट अशी अचूक दिली आहे. मर्सियरच्या अनुवादात ती पाण्याच्या सात ते आठ शतांश झाली आणि पोलाद बुचापेक्षाही हलके ठरले. व्हर्नला विज्ञान कळत नव्हते, तो मुलांसाठी लिहिणारा होता, अशी इंग्रजी जगात दीर्घकाळ जी समजूत राहिली तिच्या मुळाशी असली वाक्ये आहेत. १९६५ मध्ये वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन प्राध्यापकाने या अनुवादाची लक्तरे उघडी केली आणि त्यानंतर पूर्ण व विश्वासार्ह अनुवाद होत गेले. मात्र जुन्या अनुवादाचे हक्क केव्हाच संपलेले असल्याने स्वस्त आवृत्त्यांत आजही पुष्कळदा तोच छापला जातो. आपल्या हातातले पुस्तक कोणते आहे हे पाहायचे असेल, तर त्यातले पोलादाचे वाक्य शोधावे, दोन मिनिटांत उलगडा होईल. 'पृथ्वीच्या केंद्राकडे प्रवास' या कादंबरीच्या १८७१ च्या इंग्रजी अनुवादाचीही अशीच परीक्षा घेता येते. त्यात ॲक्सेलचा हॅरी आणि प्राध्यापक लिडेनब्रॉकचा हार्डविग झालेला आहे.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण 'गूढ बेट' (१८७४-७५) या कादंबरीचे आहे. नेमो मूळचा कोण, हे व्हर्नने या पुस्तकाच्या शेवटाकडे उलगडले. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानचा भाचा, राजपुत्र डक्कार. १८५७ च्या उठावात तो लढला, त्यात त्याने घरची माणसे गमावली आणि पराभवानंतर त्याने जमिनीकडे कायमची पाठ फिरवली. व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो रशियाच्या अत्याचारांनी होरपळलेला पोलिश सरदार होता, परंतु रशियातील ग्राहक दुखावले जातील या भीतीने प्रकाशक एत्झेल यांनी ते होऊ दिले नाही. पुढे तो हिंदी झाला. मात्र १८७५ च्या किंग्स्टन यांच्या नावावरील इंग्रजी अनुवादात हा इतिहास उलटाच केला गेला. मूळ फ्रेंचमध्ये, न्याय पुन्हा एकदा बळापुढे हरला, असा सूर आहे. इंग्रजी अनुवादात उठावाचे खापर महत्त्वाकांक्षी आणि बेमुर्वत संस्थानिकांवर फोडले आहे, आणि इंग्रजांनी हिंदुस्थानाला अराजकातून बाहेर काढून शांतता व सुबत्ता दिली, असा मजकूर पदरचा घातला आहे.

हे मी पोटतिडकीने लिहिते याला कारण आहे. या कादंबरीतील काही प्रकरणांचा अनुवाद हे माझे पहिल्या काळातले काम होते आणि तो मी याच इंग्रजी संहितेवरून केला होता. संहिता कोणती, कोणाची, कधीची, असा प्रश्न प्रकाशकांनी विचारला नाही आणि मलाही तो सुचला नाही. एका हिंदी क्रांतिकारकाच्या तोंडी इंग्रज राज्याची भलामण मी मराठीत लिहिली होती, हे अनेक वर्षांनी फ्रेंच मजकूर शेजारी ठेवून वाचला तेव्हा मला कळले. त्या दिवसापासून मी कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या पानामागचे, अनुवादक आणि आवृत्तीची माहिती देणारे पान वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

व्हर्नच्या हिंदुस्थानाकडे पुन्हा पाहायचे ठरवलेत, तर १८८० मधील 'वाफेचे घर' ही कादंबरी आवर्जून वाचावी. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती फिरती घरे ओढत उत्तर हिंदुस्थानातून जातो, आणि कथेच्या केंद्रस्थानी नानासाहेब पेशवे आणि कानपूरच्या हत्याकांडात पत्नीला गमावल्याचे मानून चाललेला एक इंग्रज कर्नल आहे. यातील नानासाहेब सूडाने पेटलेला दाखवला आहे आणि मराठी वाचक त्या पानांवर अडखळल्याशिवाय राहत नाही. डक्कारला उदात्त करणारा लेखक पाचच वर्षांनी नानासाहेबांना असे का रंगवतो, हा प्रश्न आमच्या गटात दोन बैठका पुरला. अभिजात पुस्तक पुन्हा वाचणे म्हणजे लहानपणचा आनंद तसाच्या तसा परत मिळवणे, अशी अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी येते. त्या वयात जे प्रश्न आपल्याला पडूच शकत नव्हते ते आता पडतात, आणि पुन्हा वाचण्याचे खरे फळ मला त्यात दिसते.

वेल्सच्या बाबतीत भाषांतराची अडचण नाही, पण संक्षेपांची आहे. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) मुलांसाठी संक्षिप्त करताना मंगळावरच्या स्वारीची धावपळ ठेवली जाते आणि पहिल्या प्रकरणातला एक परिच्छेद बहुधा हमखास गळतो. त्यात वेल्स म्हणतो की मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी आपण टास्मानियाच्या लोकांचे काय केले ते आठवावे. युरोपीय वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत त्यांचा समूळ संहार केला, असे तो लिहितो. हा परिच्छेद काढला की उरते ती राक्षसांची गोष्ट. तो ठेवला की साम्राज्याच्या राजधानीजवळ बसून, साम्राज्य ऐन भरात असताना, 'हेच आपल्यावर आले तर?' असे विचारणारा लेखक समोर उभा राहतो. या पुस्तकाला शिळे म्हणण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.

मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या तर दोन संहिता आहेत: १८१८ ची निनावी प्रसिद्ध झालेली आणि १८३१ ची लेखिकेने स्वतः फेरफार केलेली. पहिल्या संहितेत व्हिक्टर जे करतो ते स्वतःच्या निवडीने करतो, तर दुसरीत नियती अधिक बोलू लागते. मी १८१८ ची सुचवते, कारण जबाबदारीचा प्रश्न तीत जास्त टोकदार आहे. ती संपवल्यावर लगेच इराकी लेखक अहमद सादावी यांची 'फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद' घ्यावी. २०१३ मध्ये अरबीत आलेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी अरबी कादंबरीसाठीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. बाँबस्फोटांत छिन्नविच्छिन्न झालेल्या माणसांचे अवयव एक भंगारवाला गोळा करतो आणि शिवून त्यांचे एक शरीर तयार करतो, यासाठी की त्याचे रीतसर दफन व्हावे, कचरा म्हणून ते फेकले जाऊ नये. शेलीचा शास्त्रज्ञ ज्ञानाच्या हव्यासाने देह घडवतो आणि सादावीचा भंगारवाला मृतांचा मान राखण्यासाठी. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचली तर दोन्ही बदलतात. जगभरातील विज्ञानकथा शोधण्याची मला सापडलेली सर्वांत फलदायी रीत हीच आहे: अभिजात पुस्तक आणि दुसऱ्या देशातून त्याला मिळालेले उत्तर अशी जोडी लावून वाचणे. देशांची यादी करून प्रत्येकी एक पुस्तक उरकण्यात असा संवाद ऐकू येत नाही.

पूर्व युरोपापासून आरंभ करावा असे मी बहुतेकांना सांगते. झेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. 'रोबो' हा शब्द याच नाटकाने जगाला दिला. तो कारेल यांना त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला होता. झेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने करायचे काम. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: वेठ. इंग्रजी वाचकाला हा अर्थ तळटीपेत समजावून द्यावा लागतो, पण आपल्याकडे 'वेठबिगार' म्हटले की सगळा इतिहास डोळ्यांपुढे येतो. शिवाय चापेकचे रोबो पत्र्याचे नाहीत. रासायनिक द्रव्यापासून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे देह आहेत ते. नाटक यंत्रांविषयी आहे असे समजून वाचायला बसलेला वाचक मजुरांच्या बंडाच्या मध्यभागी जाऊन पोहोचतो.

येवगेनी झाम्यातिन हे व्यवसायाने जहाजबांधणीचे अभियंते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये राहून त्यांनी रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख केली. त्यांची 'आम्ही' ही कादंबरी १९२०-२१ मध्ये लिहून झाली, १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजी अनुवादाच्या रूपात प्रथम छापली गेली आणि सोव्हिएत वाचकांना मायदेशात ती मिळाली १९८८ मध्ये. सोव्हिएत काळात मॉस्कोहून छापून आलेली स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तके आपल्या पिढीतल्या अनेकांच्या घरात होती, आणि अलेक्सांद्र बेल्यायेव यांचा माशासारखे कल्ले असलेला नायक काहींना आठवतही असेल. त्या पुस्तकांनी रशियन विज्ञानकथेची एक प्रसन्न बाजू आपल्याला दाखवली. ज्या पुस्तकांना तिथे अडवले गेले, ती मात्र आपल्यापर्यंतही उशिराच आली. बंधुद्वय अर्कादी आणि बोरीस स्त्रुगात्स्की यांची 'रस्त्याकडेची सहल' (इंग्रजीत 'रोडसाइड पिकनिक') १९७२ मध्ये लेनिनग्राडच्या 'अव्रोरा' मासिकात आली, पण पुस्तकरूपाने छापण्यासाठी लेखकांना संपादकांशी आठ वर्षे झगडावे लागले आणि १९८० मध्ये निघालेले पुस्तकही मनाजोगे नव्हते. परग्रहवासी पृथ्वीवर आले, घटकाभर थांबले आणि निघून गेले. मागे जे राहिले ते रस्त्याकडेला डबा खाऊन गेलेल्या माणसांच्या कचऱ्यासारखे आहे आणि आपण त्याभोवती जमलेल्या मुंग्या. ओलेना बोर्माशेंको यांचा २०१२ चा इंग्रजी अनुवाद घ्यावा. तो मूळ संहितेवरून आहे आणि त्यात बोरीस यांनी प्रकाशकाशी झालेल्या झगड्याची हकीकत दिली आहे.

पोलंडचे स्तानिस्वाव लेम यांच्यासाठी मात्र थोडे थांबायला हवे, कारण वाटेचा प्रश्न त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला मला माहीत नाही. 'सोलारिस' १९६१ मध्ये पोलिशमध्ये आली. १९७० मध्ये ती इंग्रजीत आली ती पोलिशमधून नव्हे, तर तिच्या फ्रेंच अनुवादावरून. हारे या नायिकेचे नाव उलटसुलट होऊन रेया झाले आणि स्नाउतचा स्नो झाला. स्वतः उत्तम इंग्रजी वाचणाऱ्या लेम यांना तो अनुवाद मुळीच पसंत नव्हता, तरी चाळीस वर्षे इंग्रजी वाचकांनी तोच वाचला. बिल जॉन्स्टन यांचा थेट पोलिशवरून केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये, म्हणजे लेम यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी आला. आपण 'सोलारिस' वाचून कंटाळला असाल, तर जॉन्स्टन यांच्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

याच्या उलट 'सायबेरियाडा' (१९६५) या कथासंग्रहाला मायकेल कँडेल यांच्यासारखा अनुवादक लाभला. त्यातल्या एका कथेत 'न' या अक्षराने सुरू होणारी कोणतीही वस्तू बनवू शकणारे यंत्र आहे. त्याला कोणी तरी 'नाहीपणा' बनवायला सांगतो आणि यंत्र एकेक करून विश्वातल्या वस्तू नाहीशा करू लागते. पोलिशमध्ये 'नित्स', इंग्रजीत 'नथिंग'. मराठीतही नकाराचे आद्याक्षर 'न'च आहे, त्यामुळे ही कथा आपल्या भाषेत जवळजवळ आयती बसते. मात्र पुढे एका कथेत काव्य करणारे यंत्र अशी कविता रचते की तिचा प्रत्येक शब्द एकाच अक्षराने सुरू होतो. तिथे अनुवाद संपतो आणि नवनिर्मिती सुरू होते. कँडेल यांनी मूळ अक्षर सोडून इंग्रजीत 'स' घेतला आणि कविता नव्याने रचली. अनुप्रासाच्या मोहापायी मोरोपंतांनी जी कसरत केली ती आठवून मी या पानांवर अनेक रात्री घालवल्या आहेत.

पूर्वेकडे वळलात तर चीनपासून सुरू करावे, आणि तिथेही जरा मागे जाऊन. १९०३ मध्ये जपानमध्ये शिकत असलेल्या तरुण लू श्यून यांनी व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी जपानी अनुवादावरून चिनीत नेली आणि प्रस्तावनेत म्हटले की चिनी समाजाला पुढे न्यायचे तर आरंभ विज्ञानकथेपासून केला पाहिजे. साधारण त्याच काळात आपल्याकडे 'केरळ कोकिळ' मासिकात याच कादंबरीचे मराठी रूप 'चंद्रलोकची सफर' येत होते. दोन भाषांतले वाचक एकमेकांचा पत्ताही नसताना एकाच वेळी त्याच तोफेतून चंद्राकडे निघाले होते, याचे मला अजून अप्रूप वाटते. त्यानंतर ल्यू त्सशिन यांची 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' वाचावी. ती २००६ मध्ये मासिकातून क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झाली आणि केन ल्यू यांच्या २०१४ च्या इंग्रजी अनुवादाला पुढच्या वर्षी विज्ञानकथेसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. चिनी पुस्तकात माओंच्या काळातील सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणे मधल्या भागात हलवलेली आहेत. इंग्रजी अनुवादात लेखकाच्या मूळ इच्छेनुसार ती आरंभी आली. जमावासमोर एका भौतिकशास्त्रज्ञाला ठार मारले जाते तिथून कादंबरी सुरू होते की तो प्रसंग नंतर कळतो, यावर सगळ्या कथेचा भार बदलतो.

जपानचे कोमात्सु साक्यो यांची 'जपान बुडते' (१९७३) मी वाचनात ठेवते, परंतु १९७६ चा इंग्रजी अनुवाद संक्षिप्त आहे हे सांगूनच. अर्जेंटिनाची 'एल एतेर्नाउता' ही चित्रकथा १९५७ ते १९५९ या काळात साप्ताहिकातून आली. ब्वेनोस आयरेसवर प्राणघातक बर्फ पडू लागते आणि शेजारीपाजारी मिळून तग धरतात. तिचे लेखक एक्तोर ओएस्तेरेल्द यांना १९७७ मध्ये लष्करी राजवटीने उचलून नेले, ते परतले नाहीत, त्यांच्या चार मुलीही परतल्या नाहीत. हे माहीत झाल्यावर त्या बर्फाकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

आपल्या देशातली वाट विसरू नये. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये केसांच्या तेलाच्या एका कंपनीने भरवलेल्या स्पर्धेसाठी बंगालीत कथा लिहिली. तीत तेलाची एक बाटली समुद्रातले वादळ शमवते. पृष्ठताणाचा विचार त्यामागे आहे आणि १९२१ मध्ये त्यांनी ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली. रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ मध्ये मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात आली. स्त्रिया सूर्याची उष्णता वापरतात, ढगांतून पाणी घेतात आणि पुरुष पडद्यात असतात. तासाभरात वाचून होणारी ही कथा वेल्सच्या कोणत्याही आदर्श नगरीशेजारी ठेवावी.

आणि मराठीसाठी माझी आवडती जोडी. वेल्सची 'द प्लॅटनर स्टोरी' (१८९६) ही कथा वाचावी. एका स्फोटात शाळामास्तर चौथ्या मितीत फेकला जातो आणि परततो तेव्हा त्याचे शरीर आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे झालेले असते, हृदय उजवीकडे. त्यानंतर जयंत नारळीकर यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली होती आणि तिला पहिला क्रमांक मिळाला होता. १९७९ च्या 'यक्षांची देणगी' या संग्रहाने मराठी विज्ञानकथेला मोठा वाचकवर्ग दिला. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये कल्पना तीच आहे: डावे-उजवे पालटणे. पण वेल्सला ते पटवण्यासाठी वैद्यकीय तपासणीचे दाखले द्यावे लागतात, तर नारळीकर क्रिकेटचा गोलंदाज आणि गणपतीची सोंड पुढे करतात. उजव्या सोंडेचा गणपती दुर्मिळ, त्याचे सोवळे कडक, हे मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते, त्यामुळे भूमितीचा एक अवघड मुद्दा शीर्षकापाशीच अर्धा उमगलेला असतो.

आपण सुरुवात कोठून करावी हे विचारले आहेत, तर या दोन कथांपासून करावी. त्या एका संध्याकाळी होतील. पुढच्या महिन्यात 'गूढ बेट' घ्यावे. विकत घेण्यापूर्वी अनुवादकाचे नाव, अनुवादाचे वर्ष आणि संहिता संपूर्ण असल्याचा उल्लेख पाहावा, आणि यांपैकी काहीच छापलेले नसेल तर ते पुस्तक दुकानातच ठेवावे. शेवटाकडच्या प्रकरणात नेमो आपली कहाणी सांगतो तिथे उठावाचा दोष कोणाच्या माथी मारला आहे ते वाचा, आणि ते मला कळवा.